माझ्या मते ६४: यांची नाणी ग्रेडिंगला पाठवली त्याची हकीकत

हे गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये. मे महिन्यात वारसाहक्काची कोर्टाची कागदपत्रं हातात आली, तेव्हा आमच्या सीपीएने, म्हणजे कराचा हिशोब पाहणाऱ्याने विचारलं, "घरात आणखी काही किमती वस्तू?" मी दागिने सांगितले, गाडी सांगितली. लेक हळूच म्हणाली, "आई, बाबांची नाणी?"

कपाटाच्या तळाशी, बर्फातल्या बुटांच्या मागे दोन लोखंडी पेट्या होत्या. न्यू जर्सीत एडिसनच्या या घरात मी तीस वर्षं त्या पेट्या सरकवून केर काढला, पण उघडून नीट कधी पाहिल्या नाहीत. दोघं मिळून आवडीने करायच्या गोष्टी आम्हाला पुष्कळ होत्या, नाणी तेवढी त्यांची एकट्याची. पेट्यांमध्ये निघाले अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर, ८७ मॉर्गन जातीचे आणि १९ पीस जातीचे, ब्रिटिश हिंदुस्थानचे ३४ रुपये आणि एक शंभर पानी वही.

नाण्यांचा दर्जा कंपनीकडून ठरवून घेणं, म्हणजे ग्रेडिंग, याबद्दल पुढच्या दीड वर्षात मी जे शिकले ते मराठीत सांगणारं मला कुणी भेटलं नाही. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या माघारी अशी पेटी उघडून बसलेलं आणखी कुणी असेल, तर त्यांना सगळं पहिल्यापासून धुंडाळत बसावं लागू नये म्हणून तारखा, खर्च आणि माझ्या चुकांसकट लिहिते आहे.

आधी वहीबद्दल. यांनी त्यात रकाने आखले होते: साल, टांकसाळ, कुठे घेतलं, किती दिले, वजन, आणि शेवटचा रकाना 'माझ्या मते'. एक नोंद जशीच्या तशी उतरवते. "१८८१-एस. बाल्टिमोर, मार्च १९९८. ४२ डॉलर. २६.७. गालावर ओरखडा. माझ्या मते ६४." सालापुढचा 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. जवळजवळ प्रत्येक नाण्यापुढे शेवटी असा एक आकडा होता. ६२, ५५, ३०, ६३. मला वाटलं किंमत असेल. ४२ डॉलरला घेतलं, आता ६४ ला जाईल, असं काहीतरी.

सीपीएने सांगितलं की वारसाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत म्हणून खरेदीची रक्कम धरत नाहीत, मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. पुढे विकलं तर त्यावरच्या नफ्यावर कर, आणि संग्राह्य वस्तूंना तो जास्तीत जास्त २८ टक्के लागू शकतो. म्हणजे विकायचं असो वा नसो, त्या दिवशीचा भाव कुठेतरी लिहून ठेवणं आलं. ही गोष्ट पहिल्याच महिन्यात करा. वर्षभराने मागचा भाव शोधत बसणं फार अवघड जातं.

भाव कळावा म्हणून जून महिन्यात पेट्या घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने दहा मिनिटांत सगळं चाळलं आणि मॉर्गन व पीस डॉलरना सरसकट चांदीचा भाव सांगितला. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी, म्हणजे ट्रॉय औंसाच्या (सोनं-चांदी तोलायच्या मापाच्या) पाऊण भागाहून थोडी जास्त. हिशोब त्याने बरोबर केला होता. पण वहीत यांनी एकेका नाण्याबद्दल ओळ-ओळ लिहिलेली, आणि इथे सगळी एकाच तराजूत. मी "विचार करते" म्हणून परत आले आणि गाडीत बसून बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

त्या आठवड्यात विम्याची पॉलिसीही काढून वाचली. घरविम्यात नाण्यांना मर्यादा होती २०० डॉलरची, फक्त दोनशे. पेट्या बँकेच्या लॉकरमध्ये हलवल्या. तुमच्याकडे अशी नाणी असतील तर हे कलम आजच काढून पाहा.

वहीतल्या आकड्यांचा उलगडा झाला सप्टेंबरमध्ये, इथल्या नाणेसंग्राहक मंडळाच्या मासिक सभेत. चर्चच्या तळघरात पंधरा-वीस माणसं, बहुतेक सत्तरीपुढची, कॉफी आणि घडीच्या खुर्च्या. एक आजोबा यांना ओळखत होते. मी वही उघडून दाखवली. मराठी त्यांना येत नव्हती, पण ६४, ३०, ५५ पाहून ते लगेच म्हणाले, "हे त्याने स्वतः ठरवलेले दर्जे आहेत."

विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी तयार केली. तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. ६० आणि त्यापुढचं नाणं म्हणजे व्यवहारात न झिजलेलं, ५८ म्हणजे अगदी किंचित घासलेलं, ३० म्हणजे बऱ्यापैकी फिरलेलं. पूर्वी हा आकडा विकणारा स्वतःच सांगायचा. त्याचा ६५ घेणाऱ्याला ६२ दिसला की भांडण. म्हणून तिसऱ्याच कुणीतरी दर्जा ठरवायचा आणि नाणं प्लास्टिकच्या कठीण डबीत सीलबंद करायचं ही पद्धत पडली. त्या डबीला इथे सगळे स्लॅब म्हणतात.

आजोबांनी कंपन्यांची कुंडली सांगितली ती अशी. सगळ्यात जुनी अनॅक्स. १९७२ मध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने खोटी नाणी ओळखण्यासाठी ती काढली, दर्जा द्यायला नंतर सुरुवात केली, १९९० मध्ये ती विकली गेली. पीसीजीएसने १९८६ मध्ये काम सुरू केलं, ती कॅलिफोर्नियातली. एनजीसी १९८७ ची. ती आता फ्लोरिडात सॅरासोटाला असली तरी जन्मली आमच्याच न्यू जर्सीत, पार्सिपनीला. आयसीजी १९९८ ची. सीएसी नावाची आणखी एक मंडळी २००७ पासून दुसऱ्यांच्या स्लॅबवर हिरवा स्टिकर लावतात, 'या आकड्याला हे नाणं चांगलंच आहे' एवढं सांगणारा. २०२३ मध्ये त्यांनी स्वतःही ग्रेडिंग सुरू केलं. याखेरीज कुणीही छापलेले स्लॅब बाजारात मिळतात, त्यांवरच्या आकड्याला बाजार विचारत नाही.

"मग यांतली सगळ्यात चांगली कोणती?" मी विचारलं. आजोबांनी उलट मलाच विचारलं, "तुला या नाण्यांचं करायचं काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. पण पुढचे दोन महिने मी जो अभ्यास केला तो त्या प्रश्नाभोवतीच.

लॉकरमधून थोडी थोडी नाणी घरी आणून रोज रात्री जेवणं आटोपली की यांचं पाचपटीचं भिंग आणि एकच दिवा घेऊन बसायचे. नाणं कडांनी धरायचं, खाली मऊ टॉवेल अंथरायचा. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं फिरवलं की न झिजलेल्या नाण्यावर चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. जिथे बोटं लागलीत, नाणं घासलंय, तिथे ते आरे तुटतात. मॉर्गनवर कानाच्या वरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती पाहायची. आधी मी माझा आकडा पाटीवर लिहायचे, मग वही उघडून यांचा पाहायचे. सुरुवातीला दहा-दहा आकड्यांचा फरक यायचा. ऑक्टोबरअखेर एक-दोनावर आला. संसार केला त्या माणसाचा हात मी पहिल्यांदाच असा ओळखायला लागले होते. हे कडक होते. दुसरा कुणी ६५ म्हणेल तिथे हे ६४ वर थांबायचे आणि कारण लिहायचे.

नोव्हेंबरमध्ये लेकीबरोबर बाल्टिमोरच्या नाणे-प्रदर्शनाला गेले. तीन तासांचा रस्ता. हे वर्षातून एकदा तरी तिथे जायचे आणि मी दर वेळी डबा करून द्यायचे. भल्या मोठ्या सभागृहात शेकडो टेबलं, कंपन्यांचे स्टॉलही तिथेच. मी काही विकायला नेलं नव्हतं. एकाच सालाचं, एकाच दर्जाचं नाणं पीसीजीएसच्या आणि एनजीसीच्या डबीत शेजारी शेजारी पाहायचं, एवढंच ठरवून गेले होते. डब्यांतला फरक हातात घेतल्यावर कळतो. एनजीसीत नाण्याभोवती पांढरी चौकट असते आणि बारीक दातांनी नाणं धरलेलं असतं, त्यामुळे कड दिसते. पीसीजीएसची चौकट पारदर्शक असते. काळपट-निळसर झालेली चांदी मला पांढऱ्यावर जास्त उठून दिसली. हा ज्याच्या त्याच्या डोळ्याचा भाग.

विक्रेत्यांना विचारलं तर अमेरिकन डॉलरसाठी बहुतेकांनी पीसीजीएस सांगितलं. परदेशी नाणी विकणारे मात्र एनजीसी म्हणाले. त्यांच्या पेटीतले ब्रिटिश हिंदुस्थानचे रुपयेही बहुतेक एनजीसीच्याच डब्यांत होते. घरी आल्यावर मी एका मोठ्या लिलावघराचे जुने निकाल काढून तक्ता केला: तेच साल, तोच दर्जा, दोन कंपन्या. मॉर्गनमध्ये पीसीजीएसचं नाणं बऱ्याचदा थोडं वर गेलेलं दिसलं, कधी कधी उलटंही. हिरवा स्टिकर असला की मात्र कंपनी कुठलीही असो, भाव चढलेला. म्हणजे शेवटी लोक नाणंच पाहत होते. हा तक्ता स्वतः करा असं मी आग्रहाने सांगेन. दोन संध्याकाळी जातील, पण कुणाच्या ऐकीव मतावर विसंबावं लागत नाही.

तक्त्यातूनच दुसरी गोष्ट कळली. साध्या सालाचा ६३ दर्जाचा मॉर्गन स्लॅबमध्ये घातला तर जो भाव वाढतो तो ग्रेडिंगच्या खर्चात जिरून जातो. ८७ मधले ७० हून अधिक डॉलर असे होते. ते पाठवण्यात अर्थ नव्हता. वेगळे काढायचे ते विरळ साल-टांकसाळीचे, खरेखोटेपणाची शंका असलेले, आणि यांनी ६४ किंवा त्याहून वर ठेवलेले.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मग वहीतच तयार झालं. मी तीन खुणा केल्या. विकायचे अकरा डॉलर, ते पीसीजीएसला, कारण घेणाऱ्यांची गर्दी तिकडे. लेकीसाठी राखायचे आठ रुपये, ते एनजीसीला. बाकी सगळं जसं आहे तसं. एक डॉलर अनॅक्सच्या छोट्या पांढऱ्या जुन्या डबीत होता. तो फोडून नव्या डबीत घालावा असं मनात आलं होतं, पण आजोबांनी हात धरला. त्या जुन्या डब्यांनाच आता मागणी आहे आणि त्या काळचे आकडे कडक मानले जातात. तो तसाच ठेवला.

रुपयांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. यांनी मॉर्गनच का जमवले असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा यांनी कपाटातून एक रुपया आणि एक डॉलर काढून माझ्या तळहातावर शेजारी ठेवले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारची चांदी संपत आली. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानासाठी घेतली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. "हे दोघे सख्खे भाऊ आहेत," हे म्हणाले होते. माझ्या तळहातावरचा तो रुपया १९१८ चा, मागे कमळाखाली बारीक ठिपका असलेला, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. १९९१ मध्ये आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा सासूबाईंनी यांच्या खिशात घातला होता.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंगसाठी, परत येणार म्हणूनसुद्धा नाही. आमचा रुपया आणला तेव्हा ७३ वर्षांचा होता आणि बाकीचे रुपये यांनी इथल्याच प्रदर्शनांतून घेतले. पुण्यातून माझ्या दिरांनी फोन करून "आमच्याकडचे राणीछापही तुझ्याबरोबर पाठवून टाकू का?" असं विचारलं, तेव्हा मला स्पष्ट नाही म्हणावं लागलं. "भाऊजी, ते तिथेच राहू द्या," म्हटलं. त्यांना थोडं लागलं असावं.

डिसेंबर कागदपत्रांत गेला. पीसीजीएसला थेट नाणी पाठवायची तर सभासद व्हावं लागतं. मी सगळ्यात स्वस्त सभासदत्व घेतलं. मग अर्ज. नाण्याचं साल, टांकसाळ आणि तुम्हाला वाटणारी किंमत. ही किंमत मी तीन वेळा बदलली. ती जास्त लिहिली तर ग्रेडिंगचा महाग वर्ग लागतो, कमी लिहिली तर नाणं हरवल्यावर भरपाई तेवढीच, आणि किंमत वर्गाच्या मर्यादेबाहेर गेली तर कंपनी वरच्या वर्गाचे पैसे लावते. मी लिलावाच्या तक्त्यातला मधला भाव लिहिला. सर्वात अवघड होतं १८९३-एस. मॉर्गनमधलं हे सगळ्यात मोलाचं साल, सॅन फ्रान्सिस्कोत फक्त १ लाख पाडलेले. यांच्या वहीत त्याची नोंद होती, खरेदीची रक्कम मोठी, आणि 'माझ्या मते' पुढे आकडा नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह. मला वाटलं, एवढ्या दुर्मीळ नाण्याला दर्जा देताना हात अडला असेल.

नाणी कागदी पुठ्ठ्यांच्या चौकटींत होती, चारी कोपऱ्यांना पिना. त्या पिना काढताना नाण्यावर ओरखडा पडू शकतो. पक्कडने पिनेचे पाय आधी सरळ करा, मग पुठ्ठा उघडा. नाणं ओढून काढू नका. पाठवायची पाकिटं कडक मायलर प्लास्टिकची घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी काळ गेला की नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. प्रत्येक पाकिटावर अर्ज क्रमांक आणि ओळीचा क्रमांक. मी सगळ्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले, आणि ते पुढे कामाला आले.

पोस्टात तीन हेलपाटे झाले. किमती नाण्यांसाठी इथे रजिस्टर्ड मेल वापरतात. विमा ५०,००० डॉलरपर्यंत मिळतो आणि पेटी प्रत्येक टप्प्यावर सही घेऊन पुढे सरकते. पण पेटीच्या सांध्यांवर चकचकीत प्लास्टिकची टेप चालत नाही. कागदी, पाण्याने चिकटणारी टेप लागते, कारण खिडकीतला माणूस प्रत्येक सांध्यावर शिक्का मारतो आणि शाई कागदावरच बसते. पहिल्या दिवशी मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आतली नाणी खुळखुळताहेत म्हणून मीच परत आले, पुन्हा गुंडाळली. १६ जानेवारी २०२४ ला पेटी गेली. शिक्के मारून झाल्यावर त्या माणसाने पेटी आत नेली आणि मला क्षणभर वाटलं, हाक मारून परत मागावी. लेकीला सासरी पाठवताना मी अशी उभी नव्हते राहिले.

पाच दिवस ट्रॅकिंग हललंच नाही. रजिस्टर्ड मेल कुलूपबंद जातो आणि हळू जातो, घाबरू नका. २५ तारखेला पोचल्याची नोंद दिसली. एनजीसीची पेटी ५ फेब्रुवारीला पाठवली, त्या वेळी टेपसकट सगळं पहिल्या फेरीत झालं.

मग वाट. मोबाइलवर एकेक पायरी सरकताना दिसते. मी सकाळी देवाला दिवा लावून झाला की आधी तेच बघायचे. तिथे एकाहून जास्त परीक्षक स्वतंत्रपणे नाणं पाहतात, मालक कोण हे त्यांना ठाऊक नसतं. मला याचं बरं वाटायचं. यांनी पाहिलं होतं तसंच, एका दिव्याखाली, नावगाव न विचारता, कुणीतरी परत पाहत होतं.

१९ मार्चला पीसीजीएसचे निकाल आले. लेक कामावरून येईपर्यंत मी थांबले. ती एक-एक वाचत गेली आणि मी वहीत बोट ठेवून बसले. १८८१-एस: ६४. यांचंही ६४. १८८९-सीसी, कार्सन सिटीचं: ३५, यांचं ३०. पुढचे दोन तेच आकडे, पुढचं एक यांच्याहून एकाने वर. दहापैकी सहा तंतोतंत जुळले, चार यांच्याहून वर, एकही खाली नाही. लेक म्हणाली, "बाबा परीक्षक व्हायला हवे होते." आम्ही दोघी रडलो.

अकरावं होतं १८९३-एस. त्याला दर्जा नव्हता. टांकसाळीची खूण बदललेली. म्हणजे फिलाडेल्फियाच्या साध्या १८९३ वर कुणीतरी बारीक 'एस' चिकटवला होता. वजन बरोबर, चांदी खरी, म्हणून तराजूने कळलं नसतं. खऱ्या नाण्यावर 'लिबर्टी' शब्दातल्या टीच्या वरच्या भागात साच्याची एक बारीक तिरपी रेघ उठलेली असते. मी फोटो मोठा करून पाहिला, रेघ नव्हती. नाणं साध्या पाकिटातच परत आलं, आणि ग्रेडिंगची फी परत मिळत नाही, त्यातही महाग वर्गाची.

मला विकणाऱ्याचा राग आला. पण त्याहून जास्त ते प्रश्नचिन्ह टोचलं. हात अडला नव्हता. यांना कळलं होतं. एवढे पैसे घालवून फसलो हे त्यांनी बावीस वर्षं एकट्याने मनात ठेवलं, मला बोलले नाहीत. बोलले असते तर मी काय म्हणाले असते याचा विचार करते तेव्हा वाटतं, थोडी कुरकुर केली असती आणि चहा ठेवला असता.

या पेटीचा एकूण खर्च, सभासदत्व, फी, जाण्यायेण्याचं टपाल धरून ७६० डॉलरच्या आसपास झाला. एनजीसीकडच्या आठ रुपयांचा पावणेचारशे डॉलरच्या घरात. फी दर वर्षी बदलते, तुमच्या वेळची पाहून घ्या. परत येणाऱ्या पेटीवर सही लागते. आमची आली तेव्हा मी दवाखान्यात होते, मग दुसऱ्या दिवशी ओळखपत्र घेऊन पोस्टात.

एनजीसीचा निकाल एप्रिलमध्ये आला. सात रुपये नीट दर्जा घेऊन आले, १९३८ चा एक तर ६५. आठवा होता १९११ चा. पंचम जॉर्जचा पहिला रुपया, ज्याला पिग रुपया म्हणतात. राजाच्या अंगरख्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड आली की तो डुकरासारखा दिसला. त्यावरून गहजब झाला, रुपया मागे घेतला आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. या नाण्याकडून आम्हाला खूप आशा होती. स्लॅबवर लिहून आलं, 'एयू डिटेल्स, क्लीन्ड'. म्हणजे जवळजवळ न झिजलेलं, पण घासून स्वच्छ केलेलं. म्हणून आकडा नाही.

माझ्या पोटात खड्डा पडला, कारण कुणी घासलं ते मला ठाऊक होतं. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी चांदीची भांडी काढली तेव्हा यांच्या टेबलावर तो काळवंडलेला रुपया दिसला. ओल्या फडक्यावर बारीक रांगोळी घेऊन मी तो लख्ख केला आणि ताटात मधोमध ठेवला. हे आले, पाहिलं, क्षणभर थांबले. मग म्हणाले, "छान दिसतेय लक्ष्मी." पूजेला बसले. एवढंच.

वही काढली. १९११ पुढे लिहिलं होतं, "माझ्या मते ६२". त्यावर एक आडवी रेघ, आणि शेजारी पेन्सिलीने, "लक्ष्मीपूजन २००४".

चांदी घासू नका. काळेपणा हा चांदीचा मळ नाही, तिच्या पृष्ठभागाचाच भाग झालेला असतो. रांगोळी, टूथपेस्ट, सोडा, कशानेही तो काढला की खालची मूळ चकाकी त्याच्याबरोबर जाते आणि बारीक रेघा उरतात, त्या कुठल्याच कंपनीच्या नजरेतून सुटत नाहीत. पूजेसाठी वेगळं नाणं ठेवा.

मे महिन्यात दर्जा मिळालेले ते दहा डॉलर लिलावात गेले. सरसकट चांदीच्या भावाने जे मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट आलं, त्यातलं बरंचसं एकट्या कार्सन सिटीचं. सीपीएला कागद दिले. साधे सत्तर डॉलर मंडळातल्या तीन जणांनी चांदीच्या भावाहून थोडं जास्त देऊन घेतले. त्या आजोबांनी यांच्या हस्ताक्षरातल्या पुठ्ठ्याच्या चौकटी जपून ठेवतो म्हणून सांगितलं. १८९३ चा खोटा 'एस' मी विकला नाही, विकू देणारही नाही. पाकिटावर मराठी-इंग्रजी दोन्हीत 'खोटा' लिहून वहीत चिकटवलाय. आठ रुपये, त्यात १९११ चाही, लेकीच्या लॉकरमध्ये आहेत.

सासूबाईंचा १९१८ चा रुपया कुठेच पाठवला नाही. १ नोव्हेंबर २०२४ ला लक्ष्मीपूजन झाल्यावर तो भिंगाखाली घेतला. वहीत त्याच्यापुढे "मुंबई. आईने दिला" एवढंच होतं, 'माझ्या मते' रिकामं. मुकुटाच्या कडेला आणि कानावर किंचित घासलंय, बाकी चकाकी पूर्ण फिरते. दोनदा दिवा हलवून पाहिलं. मग पेन्सिलीने लिहिलं, ५८.